पहिली मोटरसायकल: राजेंद्रनगर ते पीथमपूर, उंची पाच फूट एक इंच

आर्या_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. मी इंदूरच्या राजेंद्रनगरची. शहराबाहेर पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये नोकरी मिळाली आहे, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं आहे. कंपनीची बस वाटेतल्या राऊवरून जाते, पण संध्याकाळी साडेपाचला ती निघते म्हणजे निघतेच. तिथे आधीपासून असलेली मैत्रीण सांगते की एखाद्या बॅचचा रिपोर्ट अडकला तर सात सहज वाजतात. म्हणून स्वतःची गाडी हवी.

कॉलेजला असताना आईची स्कूटर चालवायचे, पण आता ती आईला शाळेत जायला लागते. घ्यायचीच आहे तर मोटरसायकल घ्यायची, असं ठरवलंय. राऊच्या पुढचा रस्ता बघता मला मोठी चाकं हवीत, आणि गिअरची गाडी शिकायची इच्छाही जुनी आहे. बजेट ऑन-रोड लाखाच्या आसपास. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर धरा, महिन्याचे पंचवीस दिवस.

बाबा म्हणतात स्प्लेंडर. भाऊ म्हणतो टीव्हीएसची रेडर १२५. समोरचे काका म्हणतात मुलीला मोटरसायकल कशाला. काकांचं सोडून बाकी सगळं ऐकायला तयार आहे. १०० सीसी पुरेल की १२५ घेऊ? आणि उंचीचा प्रश्न खरंच केवढा?

स्नेहल_सुदामानगर

आर्या, अभिनंदन. गाडीच्या आधी तुझा परवाना बाहेर काढून बघ. स्कूटरवर काढलेला असेल तर त्यावर फक्त विनागिअरचा वर्ग असण्याची शक्यता जास्त. त्या परवान्यावर मोटरसायकल चालवली तर तू कायद्याने विनापरवाना, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवणार. गिअरच्या वर्गासाठी नवा शिकाऊ परवाना काढायचा, तो ऑनलाइन होतो. मग किमान तीस दिवसांनी नायता मुंडल्याच्या आरटीओत चाचणी. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तोपर्यंत पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा आणि शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागे बसवायचं नाही. नोकरी पुढच्या महिन्यात आहे म्हणजे अर्ज आजच करायला हवा.

माझी उंची पाच फूट दीड इंच आहे आणि मी कितीतरी वर्षं मोटरसायकल चालवते आहे. उंचीवर सविस्तर लिहिते रात्री.

देवासनाका_काका

बेटा, तुझे बाबा बरोबर सांगतात. १९८५ साली सीडी १०० आली तेव्हापासून मी हेच इंजिन पाहतोय. १९९४ ला स्प्लेंडर आली आणि आजही ती ९७.२ सीसीचीच आहे. तीस वर्षं एका मापावर टिकलेली गाडी म्हणजे तिच्यातलं सगळं तपासून झालंय. माळव्यातल्या कुठल्याही खेड्यात थांब, तिचा क्लच वायर, चेन सेट, ब्रेक शू मिळणारच. एकट्या मुलीने वाटेत अडकायचं नसेल तर याच्याइतकं मोठं कारण दुसरं नाही.

पीथमपुरी

काकांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी सेक्टर तीनमध्ये काम करतो, रोज याच रस्त्याने जातो. म्हणून गाडीबद्दल कमी आणि रस्त्याबद्दल जास्त लिहितो.

राजेंद्रनगर ते राऊ हा शहरी तुकडा. ई-रिक्षा, मॅजिक व्हॅन, उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले. इथे वेग तीस-पस्तीसच्या वर जात नाही आणि इथे कुठलीही १०० सीसी उत्तम. राऊच्या पुढे सगळं बदलतं. ट्रेलर, डंपर, कारखान्यांचे कंटेनर, आणि शिफ्ट सुटायच्या वेळी बसची रांग. लांब ट्रेलर शेजारून गेला की आधी हवा तुम्हाला बाहेर ढकलते, आणि त्याचं शेपूट पुढे सरकलं की आत ओढते. पहिल्यांदा असं झालं की माणूस हँडल घट्ट आवळतो आणि नेमकी तीच चूक ठरते. हात सैल ठेवायचे, गुडघे टाकीला चिकटवायचे, गाडी आपोआप सरळ होते.

आता मुद्दा. १०० सीसीची गाडी साठवर छान चालते. पण त्या वेगाला तिच्याकडे शिल्लक फार थोडी राहते. एखादा संथ ट्रॅक्टर मागे टाकायचा असेल किंवा मागून येणाऱ्या ट्रकपासून पटकन लांब व्हायचं असेल, तर मूठ पूर्ण पिळूनही गाडी उचलत नाही. स्प्लेंडरची ताकद ८ पीएसच्या आसपास, १२५ सीसीच्या गाड्या पावणेअकरा ते साडेअकरा. आकडे कागदावर लहान दिसतात, पण राऊच्या पुढे हाच फरक कामाला येतो. वर पाचवा गिअर मिळतो, त्यामुळे त्याच वेगाला इंजिन कमी ओरडतं आणि हात झिणझिणत नाहीत.

माझं मत १२५.

छावणी_गॅरेज

मिस्त्री आहे, म्हणून खोलून पाहिलेलं तेवढंच सांगतो. काका आणि पीथमपुरी दोघंही बरोबर आहेत, पण दोघांनी ब्रेकचं काहीच लिहिलं नाही.

१२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सीबीएस सक्तीचं आहे. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवशिक्यासाठी हे चांगलं, कारण नवा माणूस घाबरला की फक्त पायाने ब्रेक मारतो आणि मागचं चाक घसरवतो. पण दोन्हीकडे ड्रम असले की पावसात जोर कमी पडतो, आणि रोज ट्रकच्या मागे ब्रेक मारून शू लवकर गुळगुळीत होतात. पुढे डिस्क असलेलं मॉडेल घ्या. चार-पाच हजार जास्त पडतील, पण मी गिऱ्हाइकाला पहिला खर्च हाच सुचवतो. १२५ मध्ये हीरोच्या एक्स्ट्रीम १२५ आरला एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा पर्यायही आहे, पण ती १३६ किलोची गाडी आहे, हे बघून घ्या.

दुसरं, पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर सांडत जातात. वर दोन थेंब पडले की तो रस्ता साबणासारखा होतो. तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडून इंजिननेच वेग उतरवायचा. हे शिकायला महागडी गाडी लागत नाही, मैदान आणि सवय लागते.

आर्या_राजेंद्रनगर

परवाना पाहिला. स्नेहलताई म्हणाल्या तेच, फक्त विनागिअर. अर्ज केला. बाकीचं सगळं वहीत उतरवून घेतेय.

स्नेहल_सुदामानगर

उंचीबद्दल.

शोरूममध्ये सगळे सीटची उंची विचारतात आणि आकडा ऐकून निर्णय घेतात. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, होंडाच्या शाइन १०० ची ७८६, शाइन १२५ ची ७९१, रेडर ७८०. या आकड्यांत बोटाच्या एका पेराचाही फरक नाही. म्हणून आकड्यावर जाऊ नकोस. सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे ते बघ. टाकीजवळ सीट निमुळती असेल तर मांड्या सरळ खाली येतात आणि पाय टेकतात. रुंद असेल तर तीच उंची दोन इंच जास्त वाटते. रोज घालणार ते बूट घालून जा आणि दोन्ही पाय एकदम टेकून बघ. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले तरी पुरतं, टाच टेकायलाच हवी असं नाही. पण फक्त बोटं टेकत असतील तर ती गाडी पहिली गाडी म्हणून नको. सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ कुणी सुचवेल, २०२४ मध्ये आली आहे. तिची सीट ८२५ आहे. तुझ्या-माझ्या उंचीला ती नाही.

उंचीपेक्षा वजन जास्त त्रास देतं, आणि तेही चालताना नाही, उभ्या गाडीत. कंपनीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून उलटी ढकलून काढणं, उतारावर मागे घेणं, मेन स्टँडवर लावणं. शाइन १०० फक्त ९९ किलोची आहे, स्प्लेंडर ११२, शाइन १२५ ची ११३-११४, रेडर १२३, पल्सर १२५ तर १४० च्या घरात. शोरूममध्ये सेल्समनला म्हण की गाडी मी स्वतः बाहेर काढणार आणि मीच परत लावणार. मेन स्टँडला ताकद लागत नाही, पद्धत लागते: उजवा पाय स्टँडच्या दांडीवर पूर्ण उभा करायचा, शरीराचं सगळं वजन तिथे सोडायचं, हात फक्त दिशा देतात. गाडी उचलायला गेलीस तर पाठ धरेल.

आणि ओढणी. मागच्या चाकाला साडीगार्ड असतं, पण ते मागे एका बाजूला बसणाऱ्यांसाठी. चालवणाऱ्या बाईची ओढणी सुटून चेनमध्ये जाऊ शकते. कमरेला गाठ मारायची किंवा जॅकेटच्या आत. हे मी प्रत्येक मुलीला सांगते आणि पुढेही सांगत राहीन.

मऊ_कँट

पीथमपुरींच्या मताला हलकासा विरोध. ट्रेलरच्या हवेत जड गाडी स्थिर राहते हे खरं, पण नवी मुलगी १४० किलोची गाडी सिग्नलला पाडेल त्याचं काय? माझ्या बायकोने शाइन १०० घेतली. मऊ (महू) गावाहून रोज राऊपर्यंत जाते, पंचेचाळीस-पन्नासने, डाव्या बाजूने. ती कधी थकलेली दिसत नाही. हलकी गाडी म्हणजे आत्मविश्वास.

पीथमपुरी

मऊ_कँट, तुमचं बरोबर आहे, म्हणून मी पल्सर सांगितली नाही. ११०-१२५ किलोच्या मधली १२५ सीसी, पुढे डिस्क, असं माझं म्हणणं. ९९ किलोची गाडी पन्नासने डावीकडून नीट जाते. पण राऊ ते पीथमपूर या तुकड्यात डावी बाजू तुमची राहत नाही, कारण तिथे ढाब्यांवर ट्रक उभे असतात. त्यांना वळसा घालताना मागचं वाहन कुठे आहे ते आरशात बघून थोडा वेग वाढवावा लागतो. तेवढ्यासाठी ती जास्तीची ताकद. शर्यतीसाठी नाही.

हिशेबवही

बँकेत आहे, पैशांचं लिहितो.

मायलेजच्या मागे घरचे सगळे असतील. तुझे महिन्याचे एक हजार किलोमीटर. गाडी साठ देत असेल तर पावणेसतरा लिटर, पन्नास देत असेल तर वीस लिटर. फरक सव्वातीन लिटरचा. आपल्याकडे पेट्रोल शंभरच्या वर आहे, तरी महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. १०० आणि १२५ मधला खरा खर्चाचा फरक एवढाच. डिस्क ब्रेक आणि पाचवा गिअर यांच्यासाठी मी हे पैसे खुशाल देईन.

किमती पाहताना जुन्या याद्या विसर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याआधीच्या पोस्ट वाचून बजेट ठरवलं असेल तर पुन्हा ठरव.

कर्ज घेणार असशील तर एकच प्रश्न विचार: दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर? साठ हजार रुपये, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. व्याज अठरा हजार, हप्ता साधारण २,१६७. ऐकायला दहा टक्के, पण तू दर महिन्याला मुद्दल फेडत असूनही व्याज पूर्ण साठ हजारांवर लागतं. घटत्या शिलकीवर मोजलंस तर तो दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. बाबांच्या बँकेत वैयक्तिक कर्जाचा दर विचारून मग तुलना कर.

विम्यात तृतीय पक्षाचा भाग पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, २०१८ पासूनचा नियम. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र तू कुठूनही घेऊ शकतेस. शोरूमने सांगितलेली कंपनीच घ्यायला हवी असं बंधन नाही. तीन ठिकाणचे दर काढून समोर ठेव. बिलात ‘हँडलिंग’ नावाची रक्कम दिसली तर ती कशाची, ते लेखी माग.

उज्जैनची_मीरा

जुनी गाडी का नाही? शिकताना पडलीच तर दुःख कमी.

छावणी_गॅरेज

जुनी चालेल, पण बघणारा माणूस सोबत हवा. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला सांगा, आधीच तापवून ठेवली असेल तर परत या. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधेच अडकल्यासारखं झालं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलंय. पुढच्या फोर्कवर (चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर) तेलाचा ओघळ म्हणजे ऑइल सील गेलेलं. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या चक्राचे दात टोकदार झाले असतील तर चेन सेट लगेच बदलावा लागणार. चेसिस नंबर आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी, स्वतः जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला लागतो, हे बहुतेक लोक विसरतात.

आर्याला मात्र मी नवीच सांगेन. हजार किलोमीटर दर महिन्याला, संध्याकाळी उशिरा परत, एकटी. अशा वापराला ज्या गाडीचा इतिहास माहीत आहे तीच बरी. शिकायला दुसऱ्याची जुनी गाडी घे, मैदानावर.

आर्या_राजेंद्रनगर

मोठा अपडेट. शिकाऊ परवाना आला. भावाच्या मित्राची जुनी स्प्लेंडर मागून घेतली आणि मैदानात शिकायला लागले. तिचे चारही गिअर पुढे दाबूनच पडतात, त्यामुळे सुरुवात सोपी गेली. क्लच हळू सोडत गाडी चालण्याच्या वेगात ठेवायचा सराव भाऊ सारखा करून घेतोय. मूठ न पिळता, फक्त क्लचवर. हे जमायला लागलं तसा सिग्नलचा धसका गेला.

शोरूम फिरले. एका ठिकाणी सेल्समन माझ्याशी न बोलता पूर्ण वेळ बाबांशी बोलत होता. बाबांनीच त्याला सांगितलं की गाडी हिची आहे, हिला विचारा. तिथून निघालो.

बाकी ठिकाणी स्नेहलताईंनी सांगितलं तसंच केलं. शाइन १०० मी एकटीने उतारावरून मागे घेतली, सगळ्यात सोपी. रेडरवर पाय चांगले टेकले, सीट खरंच खाली आहे, पण दोन गाड्यांच्या मधून उलटी काढताना दम लागला. ती सवयीने जमेल असं वाटतं, पण मला रोज दोनदा ते करायचंय. शाइन १२५ वर दोन्ही चवडे टेकले, सीट पुढे निमुळती आहे, आणि ढकलताना ती स्प्लेंडरसारखीच वाटली. पुढे २४० मिलिमीटरची डिस्क असलेलं मॉडेल मिळतं, पाच गिअर, अठरा इंची चाकं.

पीथमपुरींच्या अटींत बसणारी आणि मऊ_कँट यांच्या म्हणण्याच्या जवळ जाणारी हीच दिसते. बाबांना विचारलं. ते गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, ब्रेक चांगला आहे, घे.

देवासनाका_काका

उत्तम निवड. सुटे भाग तिचेही सगळीकडे मिळतात, माझी हरकत नाही. बाबांना माझा नमस्कार सांग.

स्नेहल_सुदामानगर

खूप छान! आता हेल्मेट. गाडीसोबत मिळतं त्यावर थांबू नकोस. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ लिहिलेलं, पूर्ण तोंड झाकणारं, आणि काच पांढरी. काळी काच संध्याकाळी सातला राऊच्या पुढे काही दिसू देत नाही. घालून पट्टा लाव आणि मागून वर ढकलून बघ. डोक्यावरून सरकलं तर एक माप लहान घे. आपल्या शहरात १ ऑगस्ट २०२५ पासून विनाहेल्मेट पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला, तेव्हा लोकांनी पंपावर दाखवायला पातळ टोप्या घेतल्या. त्या डोक्यावर असून नसल्यासारख्याच आहेत.

छावणी_गॅरेज

गाडी घेताना मागचे शॉकअप सगळ्यात मऊ खुणेवर करून माग. एकट्या हलक्या माणसाला कडक स्प्रिंग खड्ड्यात उडवते, आणि मऊ केल्यावर गाडी बसल्यावर थोडी खालीही जाते, पाय आणखी टेकतात. मागे कुणी बसणार असेल त्या दिवशी दोन खाच वाढवायची.

पहिली सर्व्हिस मॅन्युअलमधल्या किलोमीटरला, उशीर नको, कारण नव्या इंजिनातला धातूचा बारीक चुरा त्या पहिल्या तेलासोबत बाहेर पडतो. तोपर्यंत एकाच वेगाने लांब पळवायची नाही, वेग कमी-जास्त करत राहायचं. चेनला पाचशे किलोमीटरला तेल, पावसात भिजली की लगेच. टायरची हवा आठवड्याला थंड असताना.

आर्या_राजेंद्रनगर

बुकिंग केलं. डिस्कचं मॉडेल, काळ्या रंगात. विमा बाहेरून घेतला, हिशेबवहींनी सांगितल्याप्रमाणे तीन ठिकाणी विचारलं. कर्ज बाबांच्या बँकेतून, घटत्या शिलकीवर. चाचणी होईपर्यंत बसनेच जाणार, उशीर झाला तर भाऊ घ्यायला येईल.

एक विचारायचं होतं. चाचणी झाल्यावर पहिल्यांदा पूर्ण रस्ता कुणाच्या तरी सोबतीने करावा म्हणते. सुट्टीच्या दिवशी.

पीथमपुरी

रविवारी सकाळी लवकर कर, तेव्हा ट्रक सगळ्यात कमी असतात. तुझा भाऊ त्याच्या गाडीवर पुढे राहू दे, तू मागे दोन सेकंदांचं अंतर ठेव. हवं तर मी आणि मिसेसही येतो, राऊला भेटू. ढाब्यांचा तुकडा, वळणावरचे दोन खराब पॅच आणि पार्किंगचं मागचं गेट, तिन्ही दाखवतो. मागच्या गेटाने गेलीस तर गाडी उलटी काढावीच लागत नाही.

स्नेहल_सुदामानगर

मीही येते. चाचणीची तारीख लागली की इथेच लिही.